लंगडण्याचा निकष

शनिवारी दुपारी कृष्णाकाठ आर्केडच्या पार्किंगमध्ये निम्मी सांगली लंगडत होती.

पहिल्या मजल्यावरच्या काचेआड उभी राहून वैजयंती गुळवणी ते बघत होती. एक पैलवानी अंगाचा गडी उंच गाडीतून उडी मारून उतरला, त्यानं दार लावलं, इकडेतिकडे बघितलं आणि डावा पाय ओढत निघाला. मागून त्याची बायको, ती उजवा ओढत. सरकत्या दारापर्यंत दोघं असे गेले की बघणाऱ्याला दया यावी. दार उघडलं, आतला संगमरवर लागला आणि दोघांचे पाय ठणठणीत झाले. नवरा तर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

"मॅडम, ती हिरव्या ड्रेसातली बाई बघा," सिक्युरिटीचा मुलाणी शेजारी येऊन म्हणाला. "गेल्या हप्त्यात डावा पाय गेलता तिचा. आज उजवा गेलाय."

"हसू नका हो मुलाणी."

"हसू नको तर काय करू? रडायला पगार वेगळा मिळत न्हाई."

हे सोंगांचं संमेलन कसं भरलं ते सांगायचं तर पार्किंगच्या जमिनीपासून सुरुवात करावी लागेल. पूर्वी दुकानं, मॉल, हॉटेलं यांच्या पार्किंगमध्ये रंगाचे पट्टे असायचे. कायदा सरळ होता. ठरावीक जागांमागे दिव्यांगांसाठी एक निळी चौकट, तीही दाराजवळ. तिच्या बाजूला चाकाची खुर्ची उतरवता येईल एवढी तिरप्या रेघांची मोकळी पट्टी. आगीच्या बंबासाठी लाल वाट, पायी चालणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे, वळणावर बाण. रंग उन्हानं उडायचा, टायरनं घासला जायचा, मालक तो पुन्हा मारायला कुरकुरायचे, आणि निळ्या चौकटीत हमखास काळ्या काचांची गाडी उभी असायची. मग चित्रफरशी आली.

चित्रफरशी म्हणजे डांबरावर चिकटवलेली, गाड्यांचा भार सोसणारी चादर. तिच्या पोटात टंगस्टनच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ लेप असतो. त्याला विजेचा हलका झटका दिला की लिथियमचे भारित कण त्यात शिरतात आणि लेप गडद निळा होतो. उलटा झटका दिला की कण बाहेर पडतात, निळेपणा जातो आणि खालची राखाडी दिसते. लाल, पिवळ्या, पांढऱ्यासाठी असेच दुसऱ्या रसायनांचे थर. थोडक्यात, रेघ आता मारायची नव्हती, नुसता हुकूम सोडायचा होता. दिवाळीच्या गर्दीत जागा अरुंद करा, मंगळवारी रुंद करा. कायद्यात लिहिलं होतं की खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. किती वेळ दिसल्या पाहिजेत हे लिहिलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्यांना रंगाचा डबा आणि ब्रश एवढंच माहीत होतं.

आर्केडचे मालक इंद्रजित डुबल यांनी ही फट बरोबर हेरली. कायद्यानं त्यांना दाराजवळ वीस निळ्या चौकटी ठेवायच्या होत्या. त्यांनी ठरवलं की चौकटी 'मागणीनुसार' उघडतील. दिव्यांगाचं कार्ड असलेली गाडी आली की दाराजवळची जागा निळी होईल, नाही आली तर ती जागा बाकीच्यांना. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात एका वेळी दोनच चौकटी उघडायच्या आणि शनिवार-रविवारी बंबाची लाल वाट गुडूप होऊन तिथेही गाड्या लागायच्या. वर्षातून एकदा निरीक्षक यायचे. त्या दिवशी फरशी नव्या नवरीसारखी नटायची आणि वीसच्या वीस चौकटी झळकायच्या.

दोन चौकटी, त्यात कार्डांना ऊत आला. दाखला कुणी दिला, कसा दिला, हे विचारायचं नाही. शेवटी डुबलांनी फरशीचा दुसरा गुण कामाला लावला. चादरीच्या तळाशी एक पापुद्रा असतो, दाब पडला की तो किंचित वीज देतो. गाडी कुठे उभी आहे हे कळावं म्हणून तो घातलेला, पण त्याला माणसाचं पाऊलही कळतं. पाऊल आधी टाचेनं आणि मग चवड्यानं जमीन दाबतं, त्याची दोन उंचवट्यांची रेघ उमटते. धडधाकट माणसाच्या डाव्या-उजव्या पायाच्या रेघा जवळजवळ सारख्या असतात. लंगडणाऱ्याच्या नसतात, कारण अधू पाय तो घाईनं उचलतो आणि भार चांगल्यावर ठेवतो. दोन रेघांत किती फरक असला म्हणजे माणूस निळ्या चौकटीला पात्र, हा निकष तेवढा ठरवायचा राहिला होता. तो वैजयंतीनं ठरवला.

कायद्याप्रमाणे प्रत्येक व्यापारी जागेला परवानाधारक खुणा अधिकारी ठेवावा लागे. आर्केडमध्ये ती नोकरी तिची होती. निरीक्षकासमोर 'सर्व खुणा नियमानुसार आहेत' म्हणून यंत्रावर अंगठा द्यायचा, आणि तो तिनं दोन वर्षं दिला होता. वीस चौकटींचं नाटक तिला ठाऊक होतं, पण सगळीकडे असंच चालतं, आपण एकटीनं काय करायचं, असं म्हणून तिनं मन मारलं होतं. निकष ठरवताना मात्र तिला अभिमान वाटला होता. निदान खोट्या कार्डवाल्यांची तरी खोड मोडेल!

मोडली ती अशी. कार्ड दाखवून चौकटीत गाडी लावायची आणि दारापर्यंत चालत जायचं. चाल निकषात बसली नाही तर गाडीखालचा निळा रंग विझायचा, भोवती लाल कड लुकलुकायची आणि भोंग्यातून एक गोड आवाजाची बाई सांगायची, "आपली चाल निकषात बसत नाही. कृपया गाडी हलवा." चारचौघांत हे ऐकायची लोकांना लाज वाटली. खोटं वागायची लाज नाही, पकडलं जायची लाज. म्हणून लोक लंगडायला शिकले. विश्रामबागेतल्या एका व्यायामशाळेत त्याचे धडे मिळू लागले. चपलांच्या दुकानात एकाच पायाला जाड तळ असलेला जोड आला. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे सगळा कळपच शहाणा झाला होता.

आणि या कळपात न बसणारा एक माणूस वैजयंतीच्या घरातच होता.

तिचे वडील वामनराव यांचा डावा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओनं गेला. नोकरी बँकेत, पण जीव नाटकात. सांगलीत ते वेड हवेतूनच लागतं. तरुणपणी एका दिग्दर्शकानं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पाय ओढत येणारा राजा कोण बघणार?" वामनराव घरी आले आणि चालायला शिकू लागले. वाईट पायाला चांगल्यासारखं चालवता येत नाही, हे त्यांना लवकर कळलं. पण चांगल्या पायाला वाईटाच्या मापानं चालवता येतं. त्यांचा एक मित्र रिकाम्या नाट्यगृहात तबल्यावर ठेका धरायचा आणि हे दोन्ही पावलं एकाच वजनानं, एकाच लांबीची, सावकाश टाकायचे. पायाला बांधलेला लोखंडी कॅलिपर धोतराच्या सोग्याखाली लपायचा. लोकांना वाटायचं, काय भारदस्त चाल आहे! नाटक संपलं तरी वामनरावांनी ती चाल सोडली नाही. बँकेत तीच, बाजारात तीच, घरात तीच. बापाला पोलिओ आहे हे वैजयंतीला ठाऊक होतं, पण बाप लंगडताना तिनं कधी बघितला नव्हता.

या चालीची किंमत उजव्या खुब्यानं मोजली. एकाहत्तराव्या वर्षी तो इतका झिजला होता की डॉक्टरांनी हात टेकले होते. "गुळवणी, चालणं जपून खर्च करा," ते म्हणाले होते. खुर्चीत बसायला वामनरावांनी साफ नकार दिला. आणि अशात त्यांना राज्य नाट्यस्पर्धेतल्या नाटकात निवृत्त हेडमास्तरांचं काम मिळालं. अकरा वर्षांनी मिळालेलं, आणि बहुधा शेवटचं. तालमी आणि प्रयोग दोन्ही आर्केडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नाट्यगृहात. रिक्षा फाटकाच्या आत सोडत नसत आणि दारासमोर गाडी थांबवायला मनाई होती. पाय न लावता नुसत्या हातानं चालवायची आपली गाडी निळ्या चौकटीत लावायची आणि तेवढंच अंतर चालायचं, असा वामनरावांचा हिशेब होता.

पहिल्याच तालमीच्या दिवशी ते चौकटीत गाडी लावून उतरले आणि आपल्या भारदस्त चालीनं दाराकडे निघाले. अर्ध्या वाटेत भोंगा बोलला. आपली चाल निकषात बसत नाही.

बाजूनं लंगडत चाललेला एक पोरगा थांबला आणि म्हणाला, "आजोबा, जरा प्रॅक्टिस करून यायचं की ओ!"

वामनराव परत फिरले. पार कुंपणाच्या भिंतीशी गाडी लावून ते तिथून चालत आले. संध्याकाळी घरी पलंगावर बसून ते खुब्याला शेक घेत होते तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, रोज असं चालणार कसं?" वैजयंतीनं विचारलं.

"चालेन. नाही चाललो तर त्यांना दुसरा हेडमास्तर मिळेल. रांग लागलीय."

दुसऱ्या दिवशी ती डुबलांच्या केबिनमध्ये गेली. इंद्रजित डुबल चाळिशीचे, गोड बोलणारे, परदेशात शिकून आलेले. तिचं सगळं ऐकून त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

"अहो गुळवणी मॅडम, आधी बोलायचं नाही का! तुमचे वडील म्हणजे आपलेच. त्यांचं नाव 'आपली माणसं'मध्ये टाकून देऊ. मग फरशी त्यांची चाल तपासणारच नाही."

"अशी सोय आहे?"

"आहे ना. आमदारसाहेबांचे मेहुणे आहेत, आपले बँकवाले आहेत, माझा जिमचा ट्रेनर आहे."

"त्यांपैकी कुणाला काही झालंय का?"

"देव करो आणि न होवो," डुबल हसले.

वैजयंतीला शिसारी आली. तबकातला पेढा उचलावा आणि खाली झुरळ निघावं, तसं झालं. ती म्हणाली, "त्यापेक्षा निकष खाली आणू या. खरी माणसं बाहेर पडतायत."

"निकष खाली आणला तर सगळी सांगली आत येईल, मॅडम. आणि निकष तुम्हीच ठरवलाय की! शास्त्रीय आहे म्हणून तुम्हीच भांडला होता माझ्याशी."

तिनं घरी येऊन वडिलांना 'आपली माणसं'बद्दल सांगितलं. वामनरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "आमदाराच्या मेहुण्याच्या पंगतीला नको बसवूस मला." मग तिनं भीत भीत दुसरा उपाय काढला.

"बाबा, तुम्ही नट आहात. दारापर्यंत जरा लंगडा ना. बाकीचे तेच करतात."

वामनरावांचा आवाज चढला नाही, पण तिला तो नकोसा झाला.

"तुझी आई पंचेचाळीस वर्षं या घरात होती. तिनंसुद्धा बघितलं नाही मला लंगडताना. आणि आता तुझ्या फरशीला दाखवू? कशासाठी, तर गाडी लावायला? मला सांग वैजू, हे असलं यंत्र बनवताना तुम्हाला किळस नाही आली?"

आली नव्हती. आता येत होती, आणि ती डुबलांची की स्वतःची हे तिला ठरवता येत नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासत बसली.

तालमी चालू राहिल्या. वामनराव रोज भिंतीपासून चालत आले. वैजयंती आधार द्यायला खाली गेली की ते हात झटकायचे. तिसऱ्या आठवड्यात ते वाटेत दोनदा खांबाला टेकले, आणि दिग्दर्शकानं बदली नट बघून ठेवल्याचं मुलाणीनं तिला हळूच सांगितलं. "मॅडम, आजोबास्नी उचलून आणू का? पन त्ये मलाच हाणतील," तो म्हणाला.

दरम्यान डुबलांनी लंगड्या पैलवानांवर उतारा आणला. फरशीची नवी आवृत्ती आता मागच्या नोंदींसकट प्रत्येकाची चाल लक्षात ठेवू लागली. जसा अंगठ्याचा ठसा, तशी प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते. परवा सरळ चाललेला माणूस आज लंगडला, तर फरशी दोन्ही चाली ताडून बघणार आणि सोंग पकडणार. पहिल्याच दिवशी हिरव्या ड्रेसवाली बाई पकडली गेली, मग पैलवान, मग एक नगरसेवक. मुलाणीनं पेढे वाटले. वैजयंतीलाही बरेच दिवसांनी बरं वाटलं. वडील काही लंगडणार नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत यानं काही फरक पडेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

स्पर्धेच्या प्रयोगाचा आणि वार्षिक तपासणीचा दिवस एकच निघाला. दुपारीच खुणा निरीक्षक रेवती साळोखे आल्या. मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या, हातात मोजपट्टी. फरशी नटली होती. वीस निळ्या चौकटी, प्रत्येकीशेजारी तिरप्या रेघांची पट्टी, बंबाची लाल वाट, नदीसारखे वळत जाणारे पांढरे बाण. साळोखे मॅडमनी वाकून चार-दोन चौकटी मोजल्या. मापं बिनचूक होती, ती असणारच.

मग सगळे पहिल्या मजल्यावरच्या काचेपाशी आले. अंगठ्याचं यंत्र टेबलावर मांडलेलं होतं. डुबल रंगात आले होते.

"मॅडम, नुसत्या खुणा सगळेच ठेवतात. आम्ही खुणांचा मान ठेवतो. खोटा माणूस निळ्या चौकटीत टिकतच नाही. थांबा, प्रत्यक्षच बघा. ती पांढरी गाडी आलीय ना, तीच बघा."

पांढरी गाडी वामनरावांची होती. प्रयोगाला वेळ होता, पण ते नेहमी लवकर येत. चालणं रंगमंचासाठी राखायचं असावं, आज ते भिंतीकडे वळले नाहीत, सरळ दाराजवळच्या चौकटीत आले. उतरले, गाडीला धरून क्षणभर उभे राहिले. आणि मग चालू लागले.

ती चाल वैजयंतीनं कधी बघितली नव्हती. डावा पाय कंबरेपासून फेकल्यासारखा बाहेरून फिरत पुढे यायचा, त्यावर अंग कोसळता कोसळता उजवीकडे सावरायचं, खांदा खाली जायचा, मान हिसका खायची. एक हात हवेत काहीतरी धरू बघायचा. लहान पोरं गंमत म्हणून करतात तसलं ते वेडंवाकडं चालणं होतं. अखेर बाबांनी ऐकलं तर, असं तिला वाटलं. आणि पाठोपाठ वाटलं, पण बाबा जरा जास्तच करतायत. इतकं कुठे कुणी लंगडतं का?

तेवढ्यात निळा रंग विझला. लाल कड लुकलुकू लागली आणि नव्या आवृत्तीतलं नवं वाक्य भोंग्यातून आलं, "आपली चाल बनावट आढळली आहे. कृपया गाडी हलवा."

"पकडला!" डुबलांनी टाळी वाजवली. पडद्यावर दोन रेघा आल्या होत्या. एक महिनाभराची, संथ, दोन्ही पायांची सारखी. तिच्याखाली लिहून आलं होतं, खरी. दुसरी आजची, तुटकी, वेडीवाकडी. तिच्याखाली, खोटी. "बघा मॅडम, महिनाभर हे गृहस्थ कसे चालत होते, आणि आज कसे! या वयातसुद्धा माणसं काय थराला जातात."

वैजयंतीनं दोन्ही रेघा बघितल्या आणि तिला समजलं. वरची रेघ हे पन्नास वर्षांचं नाटक होतं. खालची तिचा बाप होता. यंत्रानं जे म्हटलं तेच क्षणापूर्वी तिनंही म्हटलं होतं, आणि यंत्र निदान परकं होतं.

"गुळवणी मॅडम, अंगठा," डुबल म्हणाले.

"ते माझे वडील आहेत."

डुबलांचं हसू जागच्या जागी राहिलं. साळोखे मॅडमनी मोजपट्टी गुंडाळायची थांबवली.

"त्यांना पोलिओ आहे. आज चालले ती त्यांची चाल. महिनाभर चालले ते सोंग, आणि तुमच्या फरशीनं त्यालाच प्रमाणपत्र दिलंय." ती साळोखे मॅडमकडे वळली. "आणि मॅडम, या वीस चौकटी तुम्ही फाटकाबाहेर गेलात की विझतील, दोनच राहतील. लाल वाट शनिवारी भाड्यानं जाते. मी हे दोन वर्षं बघतेय आणि दोन वर्षं अंगठा देतेय. आज देणार नाही."

"मॅडम, त्यांच्या घरचं टेन्शन आहे, मनावर परिणाम..." डुबल बोलू लागले.

"मला वाटतं, मी शनिवारपर्यंत इथेच थांबते," साळोखे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"तुम्ही उद्यापासून यायचं नाही, गुळवणी," डुबल म्हणाले. आवाजातला गोडवा पार गेला होता. वैजयंतीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून अंगठ्याच्या यंत्रावर ठेवलं आणि ती जिन्याकडे धावली.

खाली लोक जमले होते. लाल उजेड वामनरावांच्या पांढऱ्या शर्टावर लुकलुकत होता आणि ते रस्ता अर्धा राहिलेला असताना तिथेच उभे होते. गर्दीतला कुणीतरी टाळ्या वाजवत होता. "काय भारी केलं राव आजोबांनी! थोडक्यात घावलं, न्हाईतर पास झाले असते." दोघातिघांनी हसून दाद दिली. मुलाणी त्यांना हाकलत होता, "जावा की तिकडं, लाज वाटत न्हाई व्हय?"

वैजयंती वडिलांजवळ पोहोचली. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी गर्दीकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघितलं, आणि प्रयोगानंतर विंगेत विचारावं तसं हळू आवाजात विचारलं,

"वैजू, खरं सांग. जास्त झालं का गं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. आज तिथे सगळेच बोलत होते.

"मलासुद्धा तसंच वाटलं, बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली.

वामनरावांनी मान हलवली. त्यांना राग आल्यासारखा दिसला नाही.

"वाटणारच. तू मला चालताना बघितलंयस कधी?"

वर नाट्यगृहात कुणीतरी घंटा वाजवून बघत होतं. वामनरावांनी हात लांबवून तिचा खांदा धरला आणि सगळा भार त्यावर टाकला. तो इतका असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती पाय रोवून उभी राहिली, आणि मग दोघं दाराकडे निघाली.